सतरा ध्येयं आणि खालच्या वाडीचा गोठा

कोल्हापूरला समुद्र नाही, ही गोष्ट मला एकदा एका प्राध्यापकांना लेखी कळवावी लागली होती. प्राणिशास्त्राचे होते, मनानं अगदी भले. राधानगरीच्या धरणातल्या माशांवर त्यांची उभी हयात गेलेली. त्यांचा हट्ट एकच, की त्यांचे सगळे शोधनिबंध ‘चौदाव्यात’ घालायचे. चौदावं म्हणजे समुद्र आणि समुद्रातलं जीवन. मी म्हटलं, “सर, धरणाचं पाणी गोडं.” तर म्हणाले, “मॅडम, हेच पाणी भोगावतीतनं पंचगंगेत, पंचगंगेतनं कृष्णेत. आणि कृष्णा कुठं जाते? समुद्रालाच की.” मी विचारलं, “आणि तुमचे मासे? तेही जातात का तिथवर?” यावर ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस आले आणि म्हणाले, “पंधराव्यात घाला.” पंधरावं म्हणजे जमिनीवरचं जीवन. मला वाटलं, आता मासे जमिनीवर आणले यांनी. पण त्यांनी नियमपुस्तिकेतलं पान उघडून समोर ठेवलं. नद्या, तळी आणि त्यातलं सगळं जीवन नियमानं पंधराव्यातच बसत होतं. दोन वर्षं त्या खुर्चीत बसून ते मला माहीत नव्हतं. मी त्यांना चहा पाजला.

हे काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या घरच्यांनाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. जगातल्या देशांनी मिळून सतरा ध्येयं ठरवली आहेत. गरिबी नको, कुणी उपाशी नको, सगळ्यांना आरोग्य, शाळा, बायकांना बरोबरीचा मान, स्वच्छ पाणी, कष्टकऱ्याला माणसासारखं काम, असं करत करत हवा, जंगल, समुद्र आणि शांतता इथपर्यंत. मग असं ठरलं, की विद्यापीठात जे संशोधन होतं ते या सतरा कामांना किती हातभार लावतं हे मोजायचं आणि त्यावरून जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी लावायची. आमच्याकडं त्यासाठी एक कक्ष निघाला. मी ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल. ‘कुठला कागद कुठल्या खणात जातो ते कांबळे मॅडमना कळतं’ एवढ्या भांडवलावर मला तिथं नेऊन बसवलं.

पद्धत साधी. संगणकाला प्रत्येक ध्येयाच्या शब्दांची यादी दिलेली असते. निबंधाच्या शीर्षकात आणि सारांशात त्यातले शब्द सापडले, की निबंध त्या ध्येयाच्या खात्यात जातो. मग त्याचा आधार पुढं किती संशोधकांनी घेतला, ते मोजतात. निबंध नावाजलेल्या नियतकालिकात नसेल तर संगणकाला तो दिसतच नाही. अशा न दिसलेल्या निबंधांची यादी शिक्षक वर्षाअखेर भरून देत, आणि ती माझ्याकडं येई. मी ते निबंध ‘वाचून’ ध्येय ठरवायचं. ‘वाचून’ हा शब्द जरा जपून वापरते. दिवसाला साठ-साठ निबंध असत. मी शीर्षक बघायची, फार तर सारांशाच्या दोन ओळी, आणि आकडा टाकायची. काहीच लागू पडलं नाही तर शून्य. आकड्यापुढं माझी सही.

पण त्या खुर्चीत बसून मी जितकी थक्क झाले तितकी आयुष्यात कधी झाले नाही. तीस वर्षं मी प्रबंध कपाटात लावले होते, पण आत काय आहे ते आता दिसायला लागलं. उसाच्या चिपाडांतून रंगाचं पाणी गाळून स्वच्छ करणारी एक मुलगी होती. हुपरीत घरोघरी पैंजण जोडणाऱ्या बायकांमध्ये खिडकीजवळची जागा कुणाला मिळते आणि का, यावर एकानं चार वर्षं घालवली होती. गणिताच्या एका सरांना मी विचारलं, “सर, हे कुठल्या ध्येयात घालू? याचा उपयोग काय?” ते म्हणाले, “अजून माहीत नाही. शंभर वर्षांनी कळेल कदाचित.” आणि शून्य घेऊन मजेत निघून गेले. आपल्याच जिल्ह्यात एवढी माणसं एवढ्या बारीकसारीक गोष्टींच्या मागं एवढी वर्षं लागलेली असतात, हे बघून घरी जाताना माझी कागलची एसटी चुकायची. सुचायचंच नाही काही.

पुढं नियम बदलले. नुसते निबंध मोजून चालेना. संशोधनानं लोकांच्या जगण्यात काय बदललं त्याचा पुरावा द्या, असं आलं. पुरावा म्हणजे गावचं सहीशिक्क्याचं पत्र आणि फोटो. लगेच फायली यायला लागल्या. एका महाविद्यालयानं धुराविना चुलीची फाईल पाठवली. फोटो अकरा. पहिल्यात प्राचार्यांना शाल, दुसऱ्यात श्रीफळ, तिसऱ्यात फेटा, चौथ्यात प्राध्यापक मंडळी सरपंचांना शाल घालताना. असे अकरा. मी फोन केला, “सर, यात चूल कुठाय?” पलीकडून प्रामाणिक उत्तर आलं, “मॅडम, चूल आत होती. सत्कार बाहेर झाला.” आपल्याकडं पाहुणा गावात आला की आधी त्याचा मान करायचा, आणि मान चालू असताना फोटो काढायचा. मूळ गोष्ट बघायच्या आत पाहुण्याची परतीची वेळ झालेली असते. कुणाच्या मनात लबाडी नसते. चांगले गुण मिळाले त्या फाईलीला. मीच दिले, पत्र होतं ना.

प्रा. शालन चौगुले माझ्याकडं आल्या त्या याच नियमापायी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. राधानगरीच्या पुढं, जिथं पाऊस सुरू झाला की चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथल्या एका महाविद्यालयाच्या मागं त्यांचं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, दोन सूक्ष्मदर्शक, एक फ्रीज. निवृत्तीला त्यांना तीन वर्षं होती. नवा आदेश असा निघाला होता, की ज्या केंद्राच्या नावावर सलग शून्य आहे ते बंद करून सामान कोल्हापूरला आणायचं. त्यांच्या नावावर शून्य होतं.

“कुणी दिलं शून्य, तेवढं बघून सांगा,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी नोंद काढली. सही माझी होती.

शीर्षक इंग्रजीत, लांबलचक. पाणथळ शेतीतले मजूर, पायांच्या बोटांमधली त्वचा, बुरशीच्या तीन जातींची लॅटिन नावं. मी त्यावेळी ‘बुरशीचा अभ्यास’ म्हणून शून्य टाकून पुढं गेले होते. मिनिटभर लागलं असेल.

“हे नेमकं काय आहे, मॅडम?” मी विचारलं.

“चिखल्या,” त्या म्हणाल्या.

मी खुर्चीत मागं टेकले. माझी आई राधानगरीकडची. माझे वडील वारल्यावर आम्हाला घेऊन ती काही वर्षं माहेरी राहिली होती आणि दुसऱ्याच्या रानात रोजानं रोपलावणीला जायची. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून भाताचं रोप, म्हणजे तरवा, लावायचं. संध्याकाळी तिच्या पायांच्या बोटांमधलं कातडं पांढरं पडून सुटलेलं असायचं. त्याला वास यायचा. ती मेंदीचा पाला वाटून बोटांत भरायची, आणि आम्ही भावंडं नाक धरून लांब बसायचो. त्या पायांनी तिनं मला शिकवलं. आणि त्या पायांवर कुणी अभ्यास केलेला कागद माझ्यासमोर आला, तेव्हा मी तो ओळखला नाही. मला लाज वाटली. चौगुले मॅडमना मी ते लगेच सांगितलंही. त्या म्हणाल्या, “इंग्रजीत लिहिलं की मलाही ओळखू येत नाही हो.”

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकत मी दुपारचा डबा उघडायचा विसरले.

सुरुवातीला त्यांनी मलम केलं होतं. प्रयोगशाळेत उत्तम चालायचं. गावात वाटलं तर बायकांनी ते म्हशींच्या सडांना लावलं. पायाला लावून उपयोग नाही म्हणाल्या, परत ओल्यातच जायचं. मग मॅडम एका पावसाळ्यात गावातच राहिल्या आणि रोज पाय बघत बसल्या, गड्यांचेही आणि बायकांचेही. चिखलात दोघंही असतात. गड्यांचे पाय रात्रीत वाळून सकाळी जरा बरे दिसायचे. बायकांचे बरे व्हायचेच नाहीत. का, ते त्यांना एका संध्याकाळी दिसलं. रानातनं आलं की गडी पाय धुऊन कट्ट्यावर बसत. बायका तशाच गोठ्यात शिरत, शेणघाण काढायला. अनवाणी, ओल्या शेणामुतात, रोज तासभर. पायांना वाळायला मिळत होतं तेच मुळी जेवणं उरकून अंथरुणावर पडल्यावर.

“एवढंच होतं बघा,” मॅडम म्हणाल्या. “लावणीचा महिनाभर सांजचं शेणघाण गड्यांनी काढायचं. औषध नको, काही नको. पण सिद्ध करायला पाहिजे ना?”

सिद्ध करण्यासाठी तुलना लागते. गावाच्या दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची. वरच्या वाडीच्या गड्यांनी एक पावसाळा शेण काढायचं, खालच्या वाडीत नेहमीसारखं चालू ठेवायचं, आणि दोन्हीकडचे पाय दर आठवड्याला तपासायचे. गड्यांनी शेणाला हात लावायचा म्हटल्यावर देवळातल्या बैठकीत हशा पिकला. पण हा ‘प्रयोग’ आहे आणि वरच्या वाडीचं नाव कागदावर येणार, असं कळल्यावर ते तयार झाले. खालच्या वाडीला उगीचच आपलं काही हुकलं असं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात मॅडम पाय तपासायला खालच्या वाडीत गेल्या, तर सगळ्या बायका ओट्यांवर पाय सोडून बसलेल्या आणि गडी गोठ्यात.  त्यांनी विचारलं, “हे काय? तुम्ही नेहमीसारखं करायचं ठरलं होतं ना?” हौसाबाई म्हणून एक बाई होत्या, वाडीत त्यांचा शब्द चालायचा. त्या म्हणाल्या, “वरच्या वाडीतल्या बायकांचं पाय बघून आलो आमी. आमचं पाय काय दगडाचं हायत व्हय? आमी सगळ्यांनी मिळून सांगितलं, शेण तरी काढा, न्हायतर तरवा तरी लावा.” गड्यांनी शेण निवडलं.

मॅडम त्या दिवशी एसटीत रडल्या. प्रयोग नासला होता. तुलना करायला कुणी उरलंच नव्हतं. निबंध त्यांनी दहा वर्षांत चार ठिकाणी पाठवला, चारही ठिकाणांहून परत आला. तुलनेचा गट टिकवता आला नाही, असा शेरा. शेवटी एका छोट्या नियतकालिकात छापून आला, आणि तिथनं माझ्या टेबलावर येऊन शून्य झाला.

मी हे सगळं आमच्या संचालक सरांना सांगितलं. सर वाईट नव्हते. म्हणाले, “मॅडम, मला पटतंय. पण मला पटून काय उपयोग? गावचं पत्र आणा. ‘या संशोधनामुळं आमच्या गावात अमुक बदल झाला.’ दोन ओळी आणि शिक्का. केंद्र वाचवतो मी.” दोन ओळी तर आणायच्या होत्या. प्रयोगाला बारा-तेरा वर्षं झाली होती, पण मॅडम म्हणाल्या की गडी अजून शेण काढतात. मी म्हटलं, मग काम झालं.

जुलैत, ऐन लावणीत, आम्ही दोघी गेलो. पाऊस असा, की छत्री धरायची ती सवयीनं. गावात पोचायला संध्याकाळ झाली. आणि मी ते बघितलं. ओळीनं घरं, प्रत्येक घराला लागून गोठा, आणि प्रत्येक गोठ्यात एक गडी वाकून शेण भरतोय. एक पन्नाशीचा माणूस डोक्यावर शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडं चालला होता. त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. ओट्यांवर बायका पाय पसरून, कुणी तांदूळ निवडत, कुणी नुसत्याच. बोलत होत्या, हसत होत्या. माझ्या आईच्या गावापासून हे गाव फार लांब नाही. मी तिथंच पावसात उभी राहिले. जगाच्या सतरा ध्येयांमधली तिसरं आरोग्याचं, पाचवं बायकांच्या मानाचं, आठवं कष्टकऱ्याच्या कामाचं, अशी कितीतरी मी आकड्यांनी लिहिली होती. ती अशी दिसतात हे मला माहीत नव्हतं.

सरपंच तिशीतला, पदवीधर, पाय धुऊन नुकताच बसलेला. त्यानं आम्हाला चहा दिला, शाल मागवायला निघाला तर मीच अडवलं. मॅडमना तो ओळखत होता, ‘पायांचं फोटो काढणाऱ्या बाई’ म्हणून. मी पत्राचा मसुदा पुढं केला. त्यानं तो दोनदा वाचला.

“हे खरं न्हाय की पण,” तो म्हणाला.

“काय खरं नाही?”

“मॅडमनी सांगितलं म्हणून गडी शेण काढाय लागलं, हे. आमच्या गावात पयल्यापास्नं रीतच हाय ती. लावणीच्या म्हयन्यात सांजचं शेण गड्याचं. आमचं आबा काढतात, आज्जा पण काढत असणार. बाकीच्या गावात न्हाय, आमच्यात हाय.”

हिशेब सरळ होता. हा पाचवीपासून कोल्हापुरात वसतिगृहात शिकायला, लावणीच्या महिन्यात गावी कधी नसायचाच; प्रयोगाच्या वर्षीही तिकडंच होता. परत आला तेव्हापासून त्यानं हेच बघितलेलं. त्याचे आबा शेजारी बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते पावसाकडं बघायला लागले.

“मॅडम, तुमी चांगल्या हायसा,” सरपंच म्हणाला. “दुसरं काय बी लिवून मागा, देतो. खोट्यावर सही कशी करू?”

 आयुष्यात पहिल्यांदा मला प्रामाणिक सरपंच भेटला होता आणि तो नेमका आडवा आला होता. तेवढ्यात मला हौसाबाई दिसल्या. दाराशी येऊन त्या सगळं ऐकत होत्या. मला वाटलं आता बोलतील. पण त्या “पावणं घरला येऊ देत जेवाय,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या ओट्यावर बसल्यावर मी विषय काढला. जरा रागातच काढला. “हौसाबाई, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. या बाईंची खोली बंद होणार. तुम्ही गप्प का बसला?”

त्यांनी आत बघितलं, मुलगा गोठ्यातच होता. मग हळू आवाजात म्हणाल्या, “सांगितलं असतं. पर बाई, आता गडी रीत म्हणून करत्यात. पयल्या दोन वर्सांत आमाला लई भांडाय लागलं. ‘कोल्लापूरच्या बाईच्या नादानं आमास्नी शेणात घातलं’ म्हणायचं. मग मीच सांगाय लागलो, ही आपल्या गावची जुनी रीत हाय, मधी सुटलीती. पोरं खरंच मानाय लागली. आता पंचायतीत कागद लागला, का ह्या बाईनं शिकिवलंय, की दोन वर्सांत सोडत्याल बघा. रीत न्हाय सोडत कोण.”

आणि त्यांनी बसल्या बसल्या पाय पुढं घेतले. दोन्ही अंगठ्यांची नखं नव्हती. बोटांमधलं कातडं जुन्या वहाणेसारखं जाड, भेगाळलेलं. शेजारी त्यांची सून बसली होती, लग्नाला सहा वर्षं झालेली. हौसाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. “दाव गं.” सुनेनं लाजत पाय पुढं केले. दिवसभर चिखलात राबून आलेली बाई, पण बोटांच्या मध्ये नितळ कातडी, अगदी कोरडी. ओट्याच्या कडेला सासू-सुनेचे चार पाय शेजारी शेजारी होते. मी इतकी वर्षं जे मोजत होते ते माझ्यापुढं हातभर अंतरावर होतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. सुनेला वाटलं धूर गेला.

मी पिशवीतला मसुदा परत काढला. म्हटलं, सरपंचाच्या आबांना गाठू, त्यांना तर ठाऊक आहे, एक सही बास. चौगुले मॅडमनी माझा हात धरला.

“नको,” त्या म्हणाल्या.

“अहो, केंद्र जाईल तुमचं.”

“जाऊ दे. हिचे पाय जायला नकोत.”

त्या हे अगदी साधेपणी म्हणाल्या, बाजारात भाजी निवडताना म्हणावं तशा. पण परतीच्या गाडीत राधानगरी सुटेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आठवड्यातले सहा दिवस ज्या खोल्यांमध्ये घालवले त्या खोल्या होत्या. मला कळत होतं.

अहवालात मी शून्य खोडलं. ध्येय तीन, पाच आणि आठ लिहिलं. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं, ‘पुरावा प्रत्यक्ष पाहिला. सादर करता येत नाही.’ संचालक सरांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं, की हे कुठं लिहू नका. त्यांनी तो रकाना परत एकदा वाचला. मग म्हणाले, “मॅडम, असली गोष्ट मी नोकरीत कधी ऐकली नाही. पण समितीसमोर मी काय ठेवू?”  मार्चमध्ये केंद्र बंद झालं. दोन्ही सूक्ष्मदर्शक जीपमधून कोल्हापूरला आले, आणि ते आल्याच्या पावतीवर सही करायची पाळी माझ्यावरच आली. धुराविना चुलीच्या फाईलीला त्या वर्षी राज्याचं प्रशस्तिपत्र मिळालं. माझ्या नोकरीत मी बरेच आकडे चुकीचे टाकले असतील, पण तो मार्च मला अजून खातो.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. माझ्या शेजारी कागलला आक्का म्हणून आहेत, त्यांचं माहेर आजऱ्याकडचं. श्रावणात, तिकडची लावण नुकती उरकली होती तेव्हा, त्यांच्या भावाच्या मुलाच्या लग्नाची बोलणी ठरली. आक्का म्हणाल्या, “बाई, तुमी चला की संगं. शिकल्यालं माणूस असलं की बोलणी नीट हुत्यात.” मुलगा टेम्पो चालवतो, घरची भातशेती, चार म्हशी. मुलीकडचे चंदगडच्या बाजूचे आले होते. चहा झाला, मानपान झालं, तारीख धरायची वेळ आली. मुलीची आई तोवर काहीच बोलली नव्हती. आतल्या दाराशी बसल्या जागेवरून ती म्हणाली, “एक अट हाय आमची.”

 आता काय मागते, असं आक्कांच्या भावाच्या चेहऱ्यावर आलं.

“रोपलावणीच्या म्हयन्यात सांजचं शेणघाण माझी लेक काढणार न्हाय. ते गड्यानं काढायचं.”

मी हातातली बशी खाली ठेवली.

आक्कांचा भाऊ हसला. “आमच्यात तसं न्हाय हो.”

“मग आमी उठतो,” ती बाई म्हणाली. आणि खरंच उठली. तिचा नवरा तिला खाली बसवायला लागला, मामा मध्ये पडले, एक म्हातारा म्हणाला असली अट कधी ऐकली नाही. नवरा मुलगा कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. त्यानं एकदा आत आपल्या आईकडं बघितलं आणि म्हणाला, “मी काढीन की. त्यात काय हाय?” मग जरा धिटाईनं, “दोघींचं बी काढीन. आईचं बी.”

तारीख धरली. मी आत जाऊन मुलीच्या आईला विचारलं, ही अट कुठून आणली. “माझ्या भावजयीनं आणली,” ती म्हणाली. “राधानगरीकडची हाय ती, खालच्या वाडीतली. तिच्या म्हायारात पयल्यापास्नं हाय म्हणं. आता आमच्या गावात बी समदी करत्यात.”

मी अंगणात येऊन चौगुले मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, वाडीतली लेक चंदगडला गेली ते, तिच्या नणंदेची लेक आता आजऱ्याला येणार ते.   

मॅडमनी लगेच विचारलं,  “पाय बघितलेत?”

“बघितले. मुलीच्या आईचे स्वच्छ आहेत. बोटांत काही नाही.”

“आणि सासूचे? तुमच्या आक्काच्या भावजयीचे?”

मी आत डोकावले. ती बाई दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, लेकाकडं बघत. पायांच्या बोटांमधलं कातडं पांढरं पडून सुटलेलं.

“खाल्लेत हो चिखल्यांनी,” मी म्हटलं.

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला. “नाव सांगा त्यांचं,” मॅडम म्हणाल्या. “लिहून घेते. पुढच्या लावणीला आपण दोघी त्यांचे पाय बघायला जाऊ.”